यशोदावयनीच्या दारातला वाटा

१

रेंववाड्याच्या रापणीची खोळ चोरीला गेली, ती नेमकी न्यायालयाच्या बाई यायच्या आदल्या दिवशी.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या अख्ख्या वाड्याने वाळूवर उभं राहून ओढायच्या. मधोमध असते खोळ, पिशवीसारखी. सगळी मासळी शेवटी तिच्यात येते. खोळ नसेल तर बाकीचं जाळं म्हणजे नुसता पडदा.

हे सगळं मला गेल्या वर्षभरात कळलं. मी कृष्णनाथ, डिचोली तालुक्यातल्या पाळीचा. आमचं गाव खाणींचं. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून मुलीच्या कागदांच्या पिशव्या उचलतो. मुलगी गौरवी म्हापशात वकिली करते. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या या वाड्याचा खटला तिच्याकडे आहे, आणि बापाला घरी बसवला तर तो शेजाऱ्यांच्या चौकशा करत बसतो, म्हणून ती मला बरोबर नेते.

खटला साधा होता. किनाऱ्याचा नवा नकाशा झाला, त्यात रेंववाड्याची जागा कोरी दाखवली. इथे मासेमारी नाही, रापण कधीच बंद पडली, आता फक्त पर्यटकांना फोटोपुरती काढतात, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. कोऱ्या जागेवर श्रीमंतांच्या नौकांसाठी धक्का बांधायचा बेत होता. न्यायालयाने सांगितलं, भांडू नका, आमची आयुक्त येईल आणि डोळ्यांनी पाहील. रापण चालू असेल तर ती तसं लिहील. नसेल तर तसं.

आणि ती उद्या सकाळी यायची होती.

"हवालदारमामा!" साईश धावत आला. रापणीवरचा हा पोरगा, पंचविशीचा, दंड असे की एकटा होडी लोटेल. "खोळ व्हेली कोणेंतरी! काल सांजे आशिल्ली, आज ना!"

त्याच्यामागून धाकू तांडेल येत होता. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. कधी टाकायची, कधी ओढायची, ते त्याच्या शब्दावर. एरवी हा म्हातारा किनाऱ्यावर चालायला लागला की भटकी कुत्रीसुद्धा बाजूला होत. आज तो मांगराच्या दारापाशी आला आणि खाली वाळूत बसला.

"दुसऱ्या वाड्याची मागून आणू या," गौरवी म्हणाली.

"बाय, दुसऱ्याची खोळ आमच्या रापणीक बसना," धाकू म्हणाला. "आनी बसली तरी उसनी रापण दाखोवन आमी कसले रापणकार?"

२

मांगर म्हणजे जाळी ठेवायची झावळ्यांची शेड. कुलूप नाही, दाराला सुंभाची गाठ. मी आत गेलो. रापणीचे दोन्ही हात, म्हणजे बाजूची जाळी, ताडपत्रीखाली शिस्तीत रचलेले होते. मधली जागा रिकामी.

जिथे खोळ जोडलेली असते तिथल्या दोऱ्या मी हातात घेऊन पाहिल्या. एकही कापलेली नव्हती. सगळ्या गाठी सोडवलेल्या. समुद्राच्या पाण्याने आवळलेल्या त्या गाठी सोडवायच्या तर माझी नखं निघाली असती.

"कोयती मारली असती तर एका झटक्यात काम झालं असतं," मी गौरवीला म्हणालो.

"चोराला जाळं विकायचं असेल, बाबा."

"नुसती खोळ विकत कोण घेणार?"

बाहेर रघुनाथचा टेंपो उभा होता. हा सिंधुदुर्गातला, शिरोड्याकडचा. रोज सकाळी येऊन रापणीची मासळी उचलायचा आणि म्हापशाच्या बाजारात द्यायचा. साईशने त्याची कॉलर धरली होती.

"हो काल सांजेसून हांगाच आसा! टेंपोंत घालून व्हेली आसतली!"

"टेंपो बंद पडलो म्हणान रवलंय!" रघुनाथ ओरडला. "अरे, रापण बंद पडली तर मी काय टेंपोत वाळू भरू? माका काय मिळतला तुमची खोळ नेऊन?"

मी मांगरापासून रस्त्यापर्यंत चालत गेलो. ओल्या खोळीचं वजन कळायला पोलीस असावं लागत नाही. वाळूवरून ओढली असती तर तिने नांगरल्यासारखा पट्टा सोडला असता. रस्त्याकडे पट्टा नव्हता. पाण्याच्या बाजूला भरतीने सगळं पुसून गुळगुळीत केलेलं. खोळ पाण्याने गेली होती, म्हणजे होडीने. मी साईशचा हात रघुनाथच्या कॉलरवरून काढला.

एवढ्यात पंचायतीचा पंच सुदेश आला. पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. याचे आजोबा रापणीचे तांडेल होते. याला मात्र मासळीचा वास सोसत नाही, असं सगळा वाडा म्हणतो. धक्का आला तर गावाचं भलं होईल, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ऐकणारे पुढचं वाक्य आधीच म्हणायचे.

"वायट जालें," तो म्हणाला. "फाल्यां मॅडम येतली. आतां तिका रिकामी दोरी ओडून दाखयात."

त्याच्या सुरात दुःख एवढंसुद्धा नव्हतं. पण गाठी सोडवायला लागणारी बोटं त्याच्याकडे नव्हती, ती गुळगुळीत होती. माझी खात्री पटली की यामागे हा आहे. आणि तेवढीच खात्री पटली की हात याचे नाहीत.

मग कोणाचे?

३

दुपारी जेवायला आम्ही यशोदावयनीकडे गेलो. वाड्याच्या पार टोकाला, खाडीच्या बाजूला तिचं घर. नवरा परशुराम रापणीवर होता, गेल्या शिमग्यानंतर वारला. पाय मुरगळल्यामुळे ती चार दिवस घराबाहेर पडली नव्हती. खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. तशातही तिने आम्हाला जेवायला सांगितलं होतं.

भात, हुमण म्हणजे माशाचं कालवण, आणि ताटात तळलेले मासे. पहिला घास घेतला आणि मी थांबलो.

"वयनी, हे शेवटे?"

"व्हय. तुमचेकडेय गावता न्हय?"

मिळतात ना. आमच्याकडे नदीला भरतीचं पाणी येतं, त्याच्याबरोबर येतात. शेवटा हा गोड्या-खाऱ्या पाण्याचा मासा. त्याची चव मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. हा खाडीतला होता, उघड्या समुद्रातला नव्हता.

"कोणी दिले?"

"रापणीचो वाटो," ती सहज म्हणाली. "सकाळीं दार उगडलें, सोपणार आशिल्लो. माडाच्या हिराक ओंवून."

गौरवीने माझ्याकडे पाहिलं. आज सकाळी रापण टाकलीच नव्हती. खोळ गेल्याची बातमी या टोकापर्यंत आलेली नव्हती आणि जेवणापूर्वी सांगून तिचा घास कडू करायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

"देणाऱ्याने हाक मारली नाही?"

"मारिनात." यशोदावयनी हसली. तिला मी अगदीच अडाणी वाटलो असणार. "विधवेचो वाटो कोण आपलें नांव सांगून दिना. दारांत दवरता आनी वता. हाक मारली जाल्यार ती भीक जाली. हो वाटो. म्हज्या घोवान जल्मभर दोरी ओडली, ताचो."

मी ताटाकडे पाहत राहिलो. पोलिसात तीस वर्षं काढली, चोर सुगावा मागे ठेवतो हे ठाऊक होतं. चोराने हिराला ओवून, धुऊन, विधवेच्या दारात सन्मानाने ठेवलेला सुगावा मात्र मी पहिल्यांदाच खात होतो.

४

"समजलं मला," घराबाहेर पडल्यावर मी म्हणालो. "खोळ पाण्यात आहे. खाडीत."

"कशावरून?"

"लपवणाऱ्याने ती खाडीत खुंटांना बांधून बुडवली. पण जाळं ते जाळं. भरती आली, त्यात शेवटे शिरले. सकाळी तो खोळ जागेवर आहे का बघायला गेला, तर आत मासळी. आता तू चोर आहेस असं धर. काय करशील?"

"सोडून देईन. नाहीतर घरी नेऊन खाईन."

"कारण तू वकील आहेस. साधा खाडीत गळ टाकून बसणारा माणूससुद्धा मासळी घरीच नेईल, स्वतःच्या गळाची ती त्याचीच. पण ही खोळीतली मासळी होती. रापणीत आलेली मासळी एकट्याची नसते, हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याचा हात आपोआप वाटा काढतो. चोरी करतानाही."

गौरवी चालता चालता थांबली. "म्हणजे रापणकारच."

"गाठी त्यानेच बांधलेल्या, म्हणून त्याला सोडवता आल्या. कापवल्या नाहीत. खोळ जाळली नाही, फाडली नाही, पाण्यात ठेवली. ह्या माणसाला चोरी नीट जमत नाहीये, गौरवी."

"पण वाड्यात रापणकार पन्नासेक. कोणता ते कसं शोधणार? उद्या सकाळी बाई येतायत."

"खाडी शोधत बसलो तर खोळ मिळेल, माणूस मिळणार नाही. मला माणूसही हवाय."

ती म्हणाली, "बाबा, मी उद्या काय मांडणार आहे ठाऊक आहे? राज्यघटनेचं एकविसावं कलम. जगण्याचा हक्क, आणि जगण्याचा हक्क म्हणजे ज्यावर जगतो त्या धंद्याचाही हक्क. आणि एकोणचाळिसावं. त्यात म्हटलंय, समाजाची साधनसंपत्ती सगळ्यांच्या भल्याला उपयोगी पडेल अशी वाटली जावी. समोरचा वकील म्हणणार, ते नुसतं मार्गदर्शक तत्त्व आहे, पुस्तकातलं. आणि आता जाळंच नाही म्हटल्यावर मी पुस्तकच दाखवणार."

मला आमच्या पाळीचा डोंगर आठवला. मी लहान असताना त्यावर करवंदं काढायला जायचो. तो गेला, त्याच्या जागी लाल पाण्याचा खड्डा आला, तेव्हा आमच्याकडे कोणी आयुक्त आली नाही आणि कुणी वकील उभी राहिली नाही. माझी मुलगी इथे उभी होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता. तिला हरू द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती.

"सगळ्यांना मांगराकडे बोलाव," मी म्हणालो. "सुदेश पंचालाही. मी एक खोटं बोलणार आहे, तेवढं पोटात घाल."

५

चहाच्या वेळेला सगळा वाडा मांगरासमोर जमला. धाकू तांडेल उलट्या होडीवर बसला होता. रघुनाथ टेंपोला टेकून, सुदेश हाताची घडी घालून. साईश सगळ्यांत पुढे.

मी पोलिसी आवाज काढला. तो अजून शाबूत आहे.

"चोर सापडेल तेव्हा सापडेल. मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. आज सकाळी कोणीतरी यशोदावयनीच्या दारात वाटा म्हणून मासळी ठेवली. सडकी."

गर्दीत सळसळ झाली. धाकू तांडेल उठून उभा राहिला.

"कसली?"

"सडकी. कल्ले काळे पडलेले. बिचारीने वाटा म्हणून शिजवली. परशुरामाने जन्मभर तुमच्याबरोबर दोरी ओढली, आणि त्याच्या बायकोला तुम्ही कुत्र्याला घालायची मासळी देता? आमच्याकडे खाणीवरचे मुकादम बरे म्हणायचे."

"मामा, जीब सांबाळ!" धाकू म्हणाला. "रेंववाड्याच्या वाट्यांत सडकी मासळी आजून गेली ना!"

"आज गेली. मी नाकाने वास घेतला."

"फटी मारता!" साईश किंचाळला. तो दोन पावलं पुढे आला होता, मुठी आवळलेल्या. "सडकी? जिवे आशिल्ले ते! हातांत शेपट्यो मारताले! हांवें खाडयेच्या पाण्यान धुवन..."

तो थांबला.

सकाळी सगळ्यांत आधी बोंब मारणारा, रघुनाथची कॉलर धरणारा साईश वाळूकडे पाहत उभा होता.

"ताजे होते, बाबा," मी हळू म्हणालो. "मी पोटभर खाल्ले. तुझी माफी मागतो."

मी गाठींचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, शेवट्यांचं सांगितलं. धाकू तांडेल ऐकत होता, पण नजर साईशवर.

"कित्याक?" त्याने एवढंच विचारलं.

साईशने हात उचलून सुदेशकडे दाखवलं. "हाणें म्हळें, धक्को जालो की तुजी होडी थंय पयली लागतली. पर्यटक सगळे तुजे. रापण कितली वर्सां चलतली, फुडें कोण ओडटलो? खोळ जाळ म्हणालो. हांव जाळूंक गेलों, दादा. काडी पेटयली. हात फुडें जायना. म्हणून खाडयेंत लिपयली."

"खोटें!" सुदेश म्हणाला. पण गॉगल काढून तो पुसू लागला आणि पुसतच राहिला.

रघुनाथ खाली थुंकला. धाकू तांडेल घराकडे वळला. जाताना म्हणाला, "खोळ हाड."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुक्त बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, बोलणं तोलून मापून. खोळ जागेवर होती. साईशनेच ती आणून, सुकवून, प्रत्येक गाठ पुन्हा बांधली होती. मग तो लांब जाऊन एका माडाखाली उभा राहिला होता. त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं.

होडी गेली, रापण पडली, दोन्ही दोऱ्या किनाऱ्याला आल्या. बाया, पुरुष, म्हातारे, शाळेला दांडी मारलेली पोरं, सगळे दोरीला लागले. रघुनाथ लागला. मी लागलो. वारा भरला होता आणि पाणी ओढ देत होतं. दोरी पुढे यायची आणि तेवढीच मागे जायची.

धाकू तांडेल एका बाजूला उभा राहून ताल देत होता. तो मध्येच थांबला आणि माडाकडे न पाहता ओरडला, "दाव्या दोरयेर एक जागो रिकामो आसा! कोणाचो तो?"

साईश धावत आला. त्याने दोरी खांद्यावर घेतली आणि वाळूत टाचा रोवल्या. दोरी पुढे आली, आली आणि मागे गेली नाही.

खोळ किनाऱ्याला लागली तेव्हा आत तारले होते, बांगडे होते, वाळूवर चांदी ओतल्यासारखे. लोक ओरडले. मीही ओरडलो, काय ते मलाच ठाऊक नाही.

सुदेश याच घडीची वाट पाहत होता. "मॅडम, यांणी तुमकां सांगलें ना," तो पुढे होऊन म्हणाला. "परवां रातीं यांच्याच मनशान खोळ चोरली. यांकांच रापण नाका!"

गौरवीचा चेहरा उतरला. आयुक्त बाईंनी विचारलं, "हे खरं आहे?"

कोणी उत्तर द्यायच्या आत साईश समोर आला. "खरें. हांवें चोरली. जाळ म्हणून हाणें सांगलें. जाळूंक जालें ना."

बाईंनी ते लिहून घेतलं. गौरवी ओठ चावत होती. तोवर धाकू तांडेल वाळूवर मासळीचे ढीग घालू लागला होता, एकेका माणसाचा एकेक. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, यशोदावयनीचा वाटा, रघुनाथचा, माझा. शेवटी एक ढीग त्याने साईशच्या पायाशी सरकवला.

"थांबा," आयुक्त बाई म्हणाल्या. "याने तुमची खोळ चोरली. तुमचा खटला बुडवायला निघाला होता. त्यालाही वाटा?"

धाकू तांडेलने मान वर केली. त्याला प्रश्नच नीट कळला नव्हता.

"बाई, ताणें दोरयेक हात लायलो."

"एवढंच?"

"आनी कितें? दोरयेक हात लायता, ताका वाटो. म्हज्या बापायच्या काळार तसें, ताच्या बापायच्या काळार तसें. दर्या म्हजो न्हय, ताचो न्हय. मागीर वाटो ना म्हणपी हांव कोण?"

आयुक्त बाईंनी लेखणी उचलली, पण लगेच लिहिलं नाही. त्या गौरवीकडे वळल्या. "तुमच्या अर्जात लिहिलंय, तुम्ही एकोणचाळिसाव्या कलमाबद्दल काही मांडणार होता."

गौरवीने हातातली पिशवी वाळूवर ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत निघाला.

"नाही, मॅडम. आता माझं काही मांडायचं राहिलं नाही."

बाई लिहायला लागल्या. सुदेश जरा वेळ तिथे उभा राहिला, मग रस्त्याकडे चालू लागला. बाई लिहीत असताना साईशने आपल्या ढिगातले बांगडे उचलले, माडाच्या हिराला ओवले आणि तो यशोदावयनीच्या घराकडे निघाला. मी जरा अंतर ठेवून मागोमाग गेलो. दार उघडंच होतं आणि ती काठी टेकून उंबऱ्याशी उभी होती.

त्याने वाटा दाराच्या पायरीवर ठेवला आणि वर न बघता परत फिरला. नाव सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

माझा वाटा मी म्हापशाच्या बसमधून मांडीवर धरून नेला. शेजारची बाई नाक मुरडत होती. मी तिला सांगितलं, हे मासे मी स्वतः ओढले आहेत.